टिक केली म्हणून प्रत्येक अट बंधनकारक ठरत नाही

प्रश्न असा आला आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांनी अकरावीत गेलेल्या मुलीसाठी एका ॲपवर नीटच्या तयारीचा दोन वर्षांचा कोर्स घेतला. किंमत ९०,००० रुपये, त्यात टॅबलेट आणि पुस्तकंही. कंपनीच्या प्रतिनिधीने व्हिडिओ कॉलवर सगळं ‘करून दिलं’ आणि पैसे एका फायनान्स कंपनीच्या कर्जातून गेले. शंकानिरसनाचे जे रोजचे तास कबूल केले होते ते मिळेनात, म्हणून महिन्याच्या आत त्यांनी कोर्स बंद करायला सांगितलं. कंपनीचं उत्तर: ७ दिवसांनंतर परतावा नाही, वाद फक्त बंगळुरूतल्या लवादापुढे (न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या व्यक्तीपुढे), या अटी तुम्ही टिक करून मान्य केल्या आहेत. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातोय. त्यांचा सवाल आहे, ‘टिक मीच केली, हे खरं. मग आता काही करता येणार नाही का?’

करता येईल, आणि बरंच करता येईल. पण आधी तुम्ही पाठवलेल्या तक्रारीच्या मसुद्यातलं एक वाक्य काढून टाका: ‘अटी इंग्रजीत होत्या, मी त्या वाचल्या नव्हत्या.’ स्वतः तक्रार लिहिणारे बहुतेक लोक याच वाक्याने सुरुवात करतात आणि कंपनीचा वकील लेखी म्हणण्यात पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवतो. सही करणाऱ्याने मजकूर समजून सही केली असंच सर्वसाधारणपणे धरलं जातं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो बेकायदा ठरत नाही. टिक, ओटीपी, ‘आय ॲग्री’चं बटण यांतून करार झाला हे सिद्ध होतं. ते सरळ कबूल करा. तुमचं खरं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: अटी शब्दन् शब्द वाचल्या असत्या, तरी त्यातला एकही शब्द बदलून घेण्याची सोय त्या स्क्रीनवर होती का? नव्हती. घ्या नाहीतर सोडा, एवढाच पर्याय होता. अशा करारातली एखादी अट ग्राहकाचा हक्कच काढून घेत असेल, तर ती अट तपासण्याचा अधिकार कायद्याने ग्राहक आयोगाला दिला आहे. लढाई त्या एका अटीवर लढायची. संपूर्ण करार नाकारायला गेलात तर हातात काही उरणार नाही.

हा विचार आपल्याकडे आजचा नाही. १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की दोन पक्षांची सौदा करण्याची ताकद अगदीच विषम असेल आणि दुबळ्या पक्षाला ठरावीक छापील नमुन्यावर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्यातली अन्यायकारक अट न्यायालय लागू करणार नाही. ते प्रकरण नोकरीच्या कराराचं होतं. ग्राहकांच्या बाबतीत विधी आयोगाने २००६ मध्ये १९९ वा अहवाल देऊन अन्यायकारक अटींसाठी स्वतंत्र कायदा सुचवला. तो कायदा झाला नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २(४६) आलं आणि ‘अनुचित करार’ ही व्याख्या पहिल्यांदा ग्राहक कायद्यात बसली. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात ‘ग्राहक’ शब्दाच्या व्याख्येतच ऑनलाइन खरेदी घातलेली आहे. पैसे तुम्ही भरले, शिकणारी मुलगी. तीही सेवेची लाभार्थी म्हणून ग्राहकच.

कलम २(४६) मध्ये सहा प्रकार दिले आहेत. तुमच्या कामाचे तीन. ग्राहकाने करार मोडल्यावर झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं, वाजवी कारण नसताना एकाच पक्षाला करार संपवण्याचा अधिकार ठेवणं, आणि ग्राहकाचा तोटा होईल असा कोणताही अवाजवी आकार, बंधन किंवा अट लादणं. ॲपवरची अटींची लांबलचक पानं उघडा आणि या तीन चाळण्यांतून एकेक कलम काढा. ‘कंपनी कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय अटी बदलू शकेल’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी सापडतं. ‘कंपनी खातं बंद करू शकेल, त्या वेळी शुल्क परत मिळणार नाही’ हेही. कंपनीने करार मोडला तर कंपनीने काय द्यायचं, हे शोधा. बहुधा काहीच द्यायचं नसतं किंवा एखादी नाममात्र मर्यादा घातलेली असते. दोन बाजूंची कलमं वहीत समोरासमोर लिहून काढा. एकतर्फीपणा दाखवण्यासाठी आयोगासमोर याहून परिणामकारक कागद नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे पायोनियर अर्बन लँड या बिल्डर कंपनीविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा निकाल. हप्ता चुकला तर फ्लॅट घेणाऱ्याने १८ टक्के व्याज द्यायचं, आणि ताबा द्यायला बिल्डरला उशीर झाला तर परताव्यावर त्याने ९ टक्के. शिवाय ग्राहकाला करार रद्द करायचा तर आधी मुदत, मग वाढीव मुदत, मग नोटिशीचा काळ. न्यायालयाने ही कलमं एकतर्फी आणि अवाजवी ठरवली. बिल्डरने तयार केलेल्या कागदावर सही करण्यापलीकडे ग्राहकाला पर्यायच नव्हता, म्हणून अशी अट त्याच्यावर बंधनकारक नाही, असं म्हटलं. तिथे ऑनलाइन टिक नव्हती, कागदावर सही होती. तत्त्व तेच.

या निकालातली आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे, आणि ती वकिलांच्याही नजरेतून निसटते. तो निकाल १९८६ च्या जुन्या कायद्याखाली लागला, ज्यात ‘अनुचित करार’ ही व्याख्याच नव्हती. न्यायालयाने एकतर्फी अटी करारात घालणं हीच ‘अनुचित व्यापारी प्रथा’ धरली. आता हे का सांगतो ते पाहा. २०१९ च्या कायद्याने अट रद्दबातल जाहीर करण्याचा अधिकार कलम ४९(२) आणि ५९(२) नुसार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला. जिल्हा आयोगाला तसा शब्दशः अधिकार दिलेला नाही. म्हणजे ९०,००० रुपयांच्या वादात ‘कलम अमुक रद्द करावे’ अशी मागणी सांगलीच्या जिल्हा आयोगात केलीत, तर पहिला आक्षेप येईल की हे काम राज्य आयोगाचं. मग मुंबई. सामान्य माणसाला खेटे घालायला लावणारी ही मोठी उणीव आहे, आणि ती दूर व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण तोवर मार्ग आहे. तक्रारीची मांडणी ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ अशी करा. शंकानिरसनाचे कबूल केलेले तास दिले नाहीत ही त्रुटी. न दिलेल्या सेवेचे पैसे एकतर्फी अटीच्या आधारे दाबून ठेवले ही अनुचित प्रथा. मागणी पैशांची करा: न वापरलेल्या मुदतीची फी व्याजासह परत, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. अट रद्द करा असं न म्हणता, ती अट तक्रारदारावर बंधनकारक नाही हे निष्कर्षात यावं, असं युक्तिवादात मागा.

कंपनी कदाचित म्हणेल की शिक्षण ही ‘सेवा’च नाही. शाळा-महाविद्यालयं आणि विद्यापीठांबाबत हा युक्तिवाद न्यायालयांनी मान्य केलेला आहे. पण राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये विनायका मिशन विद्यापीठाच्या प्रकरणात शैक्षणिक संस्था वगळताना कोचिंग संस्था मात्र ग्राहक कायद्याखालीच ठेवल्या. तो निकाल जोडा.

आता ७ दिवसांच्या अटीकडे येऊ, कारण पैसे तिथेच अडले आहेत. ‘७ दिवसांत रद्द केलं तर पूर्ण परतावा’ ही सवलत म्हणून चांगलीच आहे. प्रश्न आठव्या दिवसाचा आहे. आठव्या दिवशी कंपनी उरलेल्या जवळजवळ २४ महिन्यांची सगळी फी स्वतःकडे ठेवते, काहीही न शिकवता. करार मोडल्याचा हा दंडच झाला. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती फक्त वाजवी भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुकसान झालं हे दाखवल्याशिवाय रक्कम जप्त करता येत नाही. रेकॉर्ड केलेले धडे आणि आधीच नेमलेले शिक्षक असताना एक विद्यार्थिनी गेल्याने नेमकं किती नुकसान झालं, हे कंपनीने दाखवायचं आहे.

तक्रारीत आकडेमोड स्वतः करून द्या, आयोगावर सोडू नका. ती अशी: एकूण ९०,०००. बिलात टॅबलेट आणि पुस्तकांची किंमत वेगळी दाखवली असेल, समजा १५,०००, तर ती वजा करा किंवा वस्तू सुस्थितीत परत करण्याची तयारी लिहा. उरले ७५,०००. मुदत २४ महिने, म्हणजे महिन्याला ३,१२५. तुम्ही एक महिनाही पूर्ण वापरला नाही, तरी पूर्ण एक महिना धरा. परतावा ७१,८७५ रुपये. स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा स्वतःहून मांडणाऱ्या तक्रारदारावर आयोगाचा विश्वास लवकर बसतो. पूर्ण ९०,००० मागून वर २ लाख भरपाई मागणाऱ्याचं म्हणणं सदस्य सावधपणे वाचतात. याच हिशोबाला आधार म्हणून शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं जोडा. विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी प्रमाणशीर, १० दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. ती राज्यांसाठीची तत्त्वं आहेत, तुमच्या कंपनीवर थेट कायदा म्हणून लागू होतील असं नाही. पण या व्यवसायात रास्त वागणूक कोणती, याचा सरकारी मापदंड म्हणून त्यांचं वजन आहे.

बंगळुरूची अट तुम्हाला सर्वांत भीतीदायक वाटते आहे, तीच खरं तर सर्वांत कच्ची. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४(२)(ड) नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. ऑनलाइन खरेदीच्या काळासाठीच ती आणली गेली. एखाद्या कंपनीने आपल्या अटींत ती काढून टाकायची म्हटली तर कायद्याचा हेतूच संपेल, आणि हा मुद्दा आयोगाला पटवायला अवघड जात नाही. लवादाचंही तसंच. एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं की करारात लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहकाची तक्रार अडत नाही. ग्राहक कायदा हा जादा मार्ग आहे, इतर कायद्यांच्या जोडीला, आणि तो निवडणं ग्राहकाच्या हातात आहे. कलम १०० तेच सांगतं. एक काळजी घ्या. कोचिंग कंपनीने किंवा फायनान्स कंपनीने लवाद नेमल्याची नोटीस मेलवर पाठवली, तर ‘मी ग्राहक आयोगात जात आहे, लवादाला माझी संमती नाही’ एवढं उत्तर मेलवर लगेच द्या. गप्प बसू नका. एकतर्फी लवाद निवाडा होऊन फायनान्स कंपनी वसुलीला आली तर काम दुप्पट होतं.

आणि फायनान्स कंपनीचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत नाजूक भाग हाच. तुमच्या मनात हे एकच प्रकरण आहे: कोर्स घेतला, हप्ते चालू. कागदावर मात्र दोन करार आहेत. कोचिंग कंपनीशी सेवेचा आणि फायनान्स कंपनीशी कर्जाचा. कोचिंग कंपनीला पूर्ण रक्कम पहिल्याच आठवड्यात मिळालेली असते आणि तुम्ही २४ महिने देणेकरी असता. व्हिडिओ कॉल आठवा. प्रतिनिधी म्हणाला असेल, ‘सर, एक ओटीपी आला असेल तेवढा सांगा.’ मग दुसरा, मग तिसरा. मोबाइलमधले त्या दिवशीचे संदेश शोधा. एक ओटीपी ॲपवर नोंदणीचा असेल, एक कर्जाच्या करारावर ई-सहीचा, एक बँक खात्यातून हप्ता कापण्याच्या परवानगीचा. संदेशाच्या इंग्रजी मजकुरात ‘लोन’, ‘ॲग्रीमेंट’, ‘मँडेट’ हे शब्द असतात. फीचा हप्ता आहे असं सांगून कर्जाचा ओटीपी घेतला गेला असेल, तर संमतीच दिशाभूल करून घेतली, हा स्वतंत्र आणि भक्कम मुद्दा आहे. तो तारीखवार, संदेश जोडून लिहा.

इथे रिझर्व्ह बँकेचे नियम तुमच्या बाजूने आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं माहितीपत्रक द्यावंच लागतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर किती, एकूण किती फेडायचं, हे एकत्र दिसलं पाहिजे. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. डिजिटल कर्जात ‘कूलिंग ऑफ’ची मुदतही द्यावी लागते. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत आता किमान एका दिवसाची, म्हणजे अगदी अपुरी. फायनान्स कंपनीला आजच लेखी विचारा: मला माहितीपत्रक कधी, कोणत्या भाषेत, कोणत्या मेलवर दिलं? कर्जाची रक्कम कोणाच्या खात्यात, कोणत्या तारखेला गेली? उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. मात्र लोकपालाकडे जायचं की त्याच कारणासाठी आयोगात, हे आधी ठरवा. एकच मुद्दा दोन्हीकडे चालवता येत नाही.

हप्ता थांबवू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी सांगेन, अचानक थांबवू नका. शेजारी सांगतात की बँकेत जा आणि मँडेट बंद करा. बंद होतो, पण हप्ता परत गेला की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, नोंद होते, दंडात्मक आकार चढतो आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रारीची नोटीसही येऊ शकते. चेक न वटल्यासारखंच ते प्रकरण असतं. त्यापेक्षा तक्रार दाखल करतानाच फायनान्स कंपनीला सामनेवाला (विरुद्ध पक्ष) क्रमांक २ करा आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज द्या: अंतिम निकालापर्यंत हप्त्यांची वसुली स्थगित ठेवावी आणि सिबिलला प्रतिकूल नोंद कळवू नये. तक्रारीत कोचिंग कंपनी आणि फायनान्स कंपनी यांचा संबंध दाखवा. कर्जाचा अर्ज कोचिंग कंपनीच्याच प्रतिनिधीने, त्याच कॉलवर भरला हा पुरावा ठळक मांडा. दोघांनी मिळून एकच व्यवहार विकला, हे आयोगाच्या लक्षात आलं पाहिजे.

स्क्रीनवर काय दाखवलं गेलं, हाही पुरावा आहे. ई-कॉमर्स नियम २०२० सांगतात की संमती ग्राहकाच्या स्वतःच्या स्पष्ट कृतीतूनच नोंदवायची. आधीच टिक करून ठेवलेली चौकट चालत नाही. त्याच नियमांत रद्द करण्याच्या आकाराबद्दल मोठी न्याय्य तरतूद आहे: कंपनी स्वतः एकतर्फी रद्द करते तेव्हा तसाच आकार ती भरणार नसेल, तर ग्राहकावरही लावता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं, हेही त्यातच. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वं काढून फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवले. ‘आज रात्री १२ पर्यंतच सवलत’ असं खोटं घड्याळ, नकळत टोपलीत टाकलेली वस्तू, आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला फोन, मेल, पुन्हा फोन, अशी वर्गणीची कोंडी, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत. तुमच्या बाबतीत प्रतिनिधीने ‘ही सीट आत्ताच जाईल’ असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलं आहे. रेकॉर्ड केलेल्या धड्यांच्या कोर्सला सीट कसली? हा पहिल्याच प्रकारात बसतो. व्हॉट्सॲपवर तसा संदेश असेल तर जपून ठेवा.

पुराव्याचं काम आज रात्रीच करा, कारण ॲपवरची पानं बदलतात. अटींचं पान पूर्ण, वरच्या ‘शेवटचा बदल’ या तारखेसह पीडीएफ करून स्वतःला मेल करा. म्हणजे त्या दिवशी काय लिहिलं होतं याची तारीख राहते. कोर्सच्या जाहिरातीचं पान, मुलीच्या खात्यात किती धडे पाहिले गेले हे दाखवणारं पान, शंकानिरसनासाठी विचारलेले आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न, बँकेचा उतारा, कॉलच्या तारखा-वेळा. धड्यांचं पान विशेष महत्त्वाचं, कारण ‘विद्यार्थिनीने सगळा कोर्स वापरला’ असं म्हणणं हमखास येतं आणि खातं बंद झाल्यावर ते खोडायला तुमच्याकडे काही उरत नाही. स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांत फार अडकत नाहीत, तरी हे कागद जोडलेले असले की आक्षेपाला जागा राहत नाही.

मग प्रत्यक्ष वाटचाल. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, त्यात वरचा ७१,८७५ चा हिशोब आणि १५ दिवसांची मुदत. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत अशा वाटेने पोहोचते की पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. आधी हे करून पाहाच. दाद लागली नाही तर दोन्ही कंपन्यांना स्पीड पोस्टाने नोटीस, आणि त्यानंतर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि व्हिडिओवरून सुनावणीची विनंती करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत, तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या बाबतीत परतावा नाकारल्याचा मेल ज्या दिवशी आला ती तारीख लिहून ठेवा.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ दिवस जादा. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. बाहेरगावच्या कंपन्या ही मुदत अनेकदा चुकवतात. ४६ व्या दिवशी ‘म्हणणं नाही’ असा, म्हणजे कंपनीच्या लेखी उत्तराशिवाय प्रकरण पुढे चालवण्याचा, आदेश व्हावा म्हणून अर्ज द्या. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यावा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा. निकालानंतर कंपनीने पैसे दिले नाहीत तर कलम ७१ ची दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि कलम ७२ खाली शिक्षेची कारवाई, दोन्ही करता येतात. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

याच कंपनीने अनेकांना असंच अडकवलं असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला, किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांना, कलम १७ खाली कळवा. प्राधिकरण एकट्याचे पैसे वसूल करून देण्यासाठी नाही, सगळ्या ग्राहकांवर परिणाम करणारी प्रथा बंद पाडण्यासाठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ओलाला सांगितलं की परतावा फक्त पुढच्या प्रवासाच्या कूपनात देऊन चालणार नाही, बँक खात्यात घ्यायचा की कूपनात हे ग्राहक ठरवेल. पुढच्याच महिन्यात कोचिंग संस्थांच्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं आली आणि फी, परताव्याचं धोरण, निवडीचे आकडे यांविषयी खोटे दावे करायला त्यांत बंदी घातली आहे. गावातले आणखी पालक असतील तर एकत्र या. सामाईक तक्रारीची सोय कलम ३५ मध्ये आहे, आणि ग्राहक पंचायतीसारखी नोंदणीकृत संघटनाही तुमच्या वतीने उभी राहू शकते.

प्रत्येक प्रकरण जिंकण्याजोगं नसतं, हेही सांगायला हवं. मुलीने आठ-दहा महिने धडे पाहिले, परीक्षा दिल्या आणि मार्क कमी पडले म्हणून सगळी फी मागितली, तर आयोग नाही म्हणेल, आणि योग्यच करेल. मन बदललं एवढंच कारण असेल तर केस कमकुवत होते. तुमचं बळ यात आहे की सेवा कबूल केल्याप्रमाणे मिळाली नाही, तुम्ही महिन्याच्या आत लेखी कळवलं, आणि पुढच्या २३ महिन्यांचा एकही धडा घेतलेला नाही.

हेल्पलाइनवर किंवा पहिल्या तारखेला कंपनी तडजोडीचा प्रस्ताव देईल, असा माझा अंदाज आहे. रास्त असेल तर घ्या, पण ‘कर्ज आम्ही बघून घेऊ’ या तोंडी वाक्यावर पुरसिस (तक्रार मागे घेत असल्याचं लेखी निवेदन) देऊन तक्रार काढून घेऊ नका. तडजोडीच्या मसुद्यात चार गोष्टी लेखी हव्यात: कर्ज खातं कोणत्या तारखेला बंद होणार, आतापर्यंत कापलेले हप्ते तुमच्या खात्यात कधी येणार, फायनान्स कंपनीचं ‘नो ड्यूज’ पत्र, आणि सिबिलला ‘बंद’ अशी नोंद कळवण्याची हमी. टॅबलेट परत करायचा असेल तर कुरिअरची पावती आणि उघडलेल्या खोक्याचे फोटो ठेवा. मँडेट रद्द झाल्याचा संदेश बँकेकडून आल्यावर आणि सिबिल रिपोर्टमध्ये खातं बंद दिसल्यावरच पुरसिसवर सही करा.